बर्फातले जोडे आणि खारे बांगडे

मी बर्फ कधी पाहिला नाही. चौथीच्या पुस्तकात हिमालयाचं चित्र होतं, तेवढीच आमची ओळख. पण बर्फात चालायचे जोडे घालून मी चालले आहे, आणि तेही कुवेतमध्ये, सगळ्या क्वार्टर्सच्या देखत. तोंडाने सांगायला मला आजही लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा कुवेतमध्ये आपले रुपये जाऊन दिनार नुकते आले होते. आमचे हे एका कॅनडाच्या इंजिनिअर साहेबाची गाडी चालवत. मंगफच्या अलीकडे कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहत होतो. बायकोला जवळ ठेवायचं तर दरवर्षी साहेबाच्या सहीचा एक फॉर्म कचेरीत द्यावा लागे. फॉर्म नाही, तर बायको रत्नागिरीला परत आणि नवरा एकट्या माणसांच्या बराकीत. लग्नानंतरची चार वर्षं मी यांना फक्त पत्रांतून ओळखत होते. आता कुठे यांच्या घोरण्याची सवय झाली होती. ती मला मोडायची नव्हती.

साहेब दोन महिन्यांच्या रजेवर गेला. त्याच्या घराला रंग लावायचा होता म्हणून थोडं सामान त्याने आमच्याकडे ठेवलं. त्यात कापडात गुंडाळलेल्या दोन लांबट चौकटी होत्या. लाकूड वाकवून केलेल्या, पुढून गोल, मागे शेपटीसारख्या निमुळत्या, आणि आत कातड्याच्या वादीची विणलेली जाळी.

"त्याच्या बापाच्या आहेत. हात लावू नको," हे म्हणाले.

"पण आहेत काय?"

"ते मी नाही विचारलं."

हे कामावर गेल्यावर मी त्या उघडून नीट पाहिल्या. चौकट, जाळी, खालून वारा खेळेल अशी. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला दाखवा, ती मासे वाळवायची जाळीच म्हणेल. बापाने इतकी सुबक वस्तू केली आणि मुलगा ती कापडात गुंडाळून ठेवतो, याचं मला वाईटच वाटलं. त्या आठवड्यात बाजारात बांगडा भरपूर आला होता. मी तो चिरला, मीठ चोळलं आणि गच्चीवर दोन्ही जाळ्यांवर मांडला. असा खडखडीत वाळला की शेजारची आपा वास घेत वर आली. ती रायगडकडची, तोंडाने फटकळ.

"काय गो, एकटीच खाणार?" म्हणत अर्धे तीच घेऊन गेली. दोन महिन्यांत मी तीनदा बांगडे वाळवले.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी यांनी ती गुंडाळी उचलली आणि नाकाशी नेली.

"काय केलंस गो हे?"

मी सांगितलं. हे खाटेवर बसले. "उद्या तो फॉर्मवर सही करणार. परवा कचेरीत द्यायची शेवटची तारीख. आता करेल सही?"

मी चौकटी साबणाने धुतल्या, लिंबू चोळलं, अत्तर लावलं. मग त्यांना अत्तर लावलेल्या बांगड्याचा वास येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. साहेब आला, त्याने गुंडाळी उघडली आणि नाक वर केलं. मग इंग्रजीत बराच वेळ बोलला. मी दाराआड उभी होते.

"काय म्हणतो?" मी हळूच विचारलं.

"मासा कुठला होता, विचारतो." यांचाही आपल्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

साहेबाच्या मुलखात म्हणे कंबरभर बर्फ पडतो. त्याचा बाप हे जोडे पायांना बांधून डोंगरातल्या रानात हिंडायचा. वजन जाळीभर पसरतं, म्हणून माणूस रुतत नाही.

"पायात?" मी मोठ्याने म्हणाले. साहेबासमोर काढलेला माझा तो पहिला शब्द.

साहेबाने ते बांधून अंगणातच चालून दाखवलं. पाय फाकून चालायचं, नाहीतर आपलाच जोडा आपल्या जोड्यावर पडतो. चढावर पुढचं टोक रुतवायचं. मागे पाऊल कधी टाकायचं नाही, शेपटी अडकते. वळायचं तर होडीसारखं, मोठा वळसा घेऊन. एवढा मोठा साहेब बदकासारखा फिरत होता आणि आपा खिडकीत तोंडात पदर कोंबून उभी होती.

मग हसत हसतच त्याने गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वारा आला आणि फॉर्म उडाला.

क्वार्टर्सच्या मागे सबखा होती. वरून मिठाची पांढरी साय, खाली चिखल, आणि त्यातून पावसाने भिजलेली. पन्नासेक पावलांवरच्या एका झुडपाला फॉर्म अडकला. त्यावर आधीच दोन कचेऱ्यांचे शिक्के होते. नवा मिळवायला महिना लागला असता. हे धावले आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांची एक चप्पल अजून तिथेच आहे. साहेब जोड्यांसकट गेला, पण तो दरवाजाएवढा. दहा पावलांत बसला चिखलात. दोघेही कसेबसे कडेला परत आले.

लहानपणी ओहोटीला मी खाडीत मुळे, म्हणजे खायचे शिंपले, वेचले आहेत. चिखल मला माहीत आहे, आणि वजन माझं साहेबाच्या निम्मंही नव्हतं. मी बाहेर आले.

"तू? लोक बघतायत," हे म्हणाले.

"बघू देत."

मी साडी वर खोचली. साहेबाने मान वर न करता माझ्या पायांना वाद्या बांधल्या.

पहिल्याच पावलाला माझाच जोडा माझ्या जोड्यावर पडला. मग पायांना खाडी आठवली. पाऊल सपाट टेकायचं, थांबायचं नाही. साय कुरकुर वाजत होती, पण मला धरून होती. मागे काही ओरडाओरड ऐकू आली. क्वार्टर्समधल्या सगळ्या मांजरी जोड्यांच्या वासावर येऊन चिखलाच्या कडेला रांगेत बसल्या होत्या आणि गळा काढून रडत होत्या.

"वरात निघाली गो तुझी!" आपा ओरडली.

मी हसू दाबलं, फॉर्म काढला, पोलक्यात खोचला, आणि शिकवणी विसरून मागे पाऊल टाकलं. बसलेच.

"गोल! गोल!" तिकडून हे ओरडत होते, साहेब आपल्या भाषेत ओरडत हाताने वळसा दाखवत होता. मी उठले आणि होडीसारखी वळून, चिखलाने माखलेली, परत आले. पोलक्यातला कागद तेवढा कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने तो फॉर्म दोन बोटांत धरला, नाक मुरडलं आणि न वाचताच शिक्का मारून यांना बाहेर घालवलं. त्या कचेरीत इतक्या लवकर काम कुणाचंच झालं नव्हतं, असं हे पुढे सगळ्यांना सांगत. वासाचं कारण तेवढं सांगत नसत.

त्या वर्षीचं घोरणं मी असं मिळवलं.