मुकादमाचं मखर

धोंडू परबांनी आयुष्यात घर एकदाच बांधलं, आणि तेही कासवासाठी. स्वतः ते कायम भाड्याच्या खोलीत राहिले. देवांसाठी मात्र त्यांनी शेकड्यांनी महाल उभे केले, कारण त्यांचा धंदाच गणपतीची मखरं करण्याचा. तापलेल्या तारेने थर्माकोल असा कापायचे की खांबावरची वेल हाताला खरी वाटावी. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा पुठ्ठ्यावर आले, पण पुठ्ठ्याशी त्यांचं कधी जमलं नाही. उरलेले थर्माकोलचे ताव त्यांनी टाकले नाहीत. कशासाठी ठेवलेत म्हणून विचारलं तर म्हणायचे, असू देत.

मी जया, त्यांची शेजारीण. मी त्यांना भाऊजी म्हणते. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे मला न विचारता सांगायची सवय जडली आहे. ती इथेच कबूल करते, कारण पुढे तिने घात केला.

कासवाचं नाव मुकादम. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. नाहूरच्या आमच्या जुन्या चाळीत वीस वर्षांपूर्वी कुणीतरी जाताना ते नलिनीकडे, म्हणजे परब वहिनींकडे, सोडून गेलं. अंगणभर मान वर करून सगळ्यांची हजेरी घेत फिरायचं. भाऊजींचे वडील गिरणीत होते. ते म्हणाले, हा आमच्या खात्याचा मुकादम. तेच नाव पडलं. परबांना मूलबाळ नाही. नलिनी रोज सकाळी त्याला जास्वंदीचं फूल भरवायची आणि दिवसभराच्या तक्रारी त्याच्याकडेच करायची. संध्याकाळी दिवेलागणीला तो कपाटाखाली शिरून फळी खरडत बसायचा. तो आवाज ऐकल्याशिवाय तिला घर भरल्यासारखं वाटत नसे.

मग चाळ पाडायला घेतली आणि आम्हाला तात्पुरत्या खोल्या मिळाल्या, पहिल्या मजल्यावर, समोर दुसरी इमारत खेटून उभी. ऊन नावालाही नाही. जानेवारीत गारठा पडला, त्यातच कणकवलीकडे नलिनीची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. नलिनीला जावंच लागलं. निघताना तिने भाऊजींना जेवणखाणाचं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मुकादमाक सांभाळा. मी येईसर तो माका हयच दिसाक व्हयो."

चौथ्या दिवशी मुकादमाने खाणं सोडलं. हातपाय आत, डोळे मिटलेले. भाऊजी गांगरले. त्याला थंडी वाजत्येय एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी जुनं शोकेस आडवं टाकून त्याचं घर करायला घेतलं. खाली माती, वर वाळलेलं गवत, कोपऱ्यात कोमट पाण्याची परात. हल्लीचे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, म्हणून पिवळ्या बल्बसाठी भांडुपपर्यंत दुकानं पालथी घातली. आणि ऊब टिकावी म्हणून चारी बाजूंनी लावले माळ्यावरचे थर्माकोलचे ताव.

इथे थांबले असते तर. पण कोरी भिंत सोडणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. दोन दिवस बसून त्यांनी त्या पेटाऱ्याला कमान केली, खांब केले, खांबांवर हिरवी वेल चढवली आणि वेलीवर, मुकादमाच्या तोंडाच्या उंचीला, लालभडक जास्वंदी फुलवल्या. मी बघायला गेले तर म्हणाले, "जयाताई, नलिनी नाही ना इथे. त्याला निदान फुलं तरी दिसू देत." खरं सांगते, मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही.

दिवा लावल्यावर दुसऱ्याच दिवशी मुकादम चालू लागला. संध्याकाळी सातला नलिनीचा फोन आला तेव्हा भाऊजींचा आवाज चाळीतल्या दिवसांसारखा मोठा झाला होता. "जेवलो गो तो! त्वांड हलयता, मी बघलंय." मग तिच्या सांगण्यावरून त्यांनी फोन पेटाऱ्यात धरला आणि खरडण्याचा आवाज तिला ऐकवला. तेव्हापासून तो रोजचा नेम झाला.

दोन दिवसांनी खांबावरची तीन फुलं कमी दिसली. गळून पडली असतील म्हणून ते खाली गवतात शोधत बसले. फुलं सापडली नाहीत. नंतर विष्ठेत पांढरे दाणे दिसले आणि त्यांना कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळा थर्माकोल उपटून काढला.

ते माझ्याकडे आले, डॉक्टरकडे नेऊ का विचारायला. आणि मी, शहाणी, म्हणाले, "भाऊजी, हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. डॉक्टर विचारतील कुठून आणलं. बघा बाई." बघा बाई म्हणून मी माझ्या कुकरकडे वळले. त्यांनी चार दिवस बघितलं. एरंडेल चाटवलं, कोमट पाण्यात बसवलं, नवस बोलले. पाचव्या दिवशी टॉवेलात गुंडाळून मुलुंडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या रुचिरा डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी कुठून आणलं हे विचारलंच नाही. एवढंच विचारलं, चार दिवस आधी का नाही आलात. भाऊजींनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम गेला. पुढचं सगळं दवाखान्याने वनखात्याला कळवून केलं. भाऊजींकडून एका कागदावर सही घेतली. ज्या भीतीपोटी चार दिवस घालवले, ती त्या एका सहीत संपली.

संध्याकाळी सातला फोन वाजला. मी तिथेच होते. नलिनीने आधी आईचं सांगितलं, ताप उतरत नाही, रात्रभर हात सोडत नाही. मग नेहमीसारखं म्हणाली, मुकादमाक ऐकवा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. फोन रिकाम्या पेटाऱ्यात ठेवला, गुडघ्यावर बसले आणि अंगठ्याच्या नखाने प्लायवूड खरडू लागले. मी उठून घरी आले. मला ते बघवलं नाही, आणि थांबवताही आलं नाही.

एकोणीस दिवस ते चाललं. दिवाही ते रोज लावत. माणूस वाळत चालला होता. मी एकदा म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, तिथे आईचा जीव टांगणीला, इथलं हे सांगून तिने काय करायचं?

आई उठून बसू लागली तशी भावजयीवर सोपवून नलिनी परत आली. मी चहा घेऊन गेले होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि सरळ पेटाऱ्यापाशी गेली. बल्ब जळत होता. गवत, माती, परात, सगळं जागच्या जागी. भाऊजी दाराला टेकून उभे होते. 

नलिनी मागे न वळताच म्हणाली, "मुकादम इतको भराभर कधी खरडूक नाय. माका पयल्याच दिवशी कळला."

 मग भाऊजींनी कसंबसं विचारलं, "मगे रोज ऐकवा म्हणान कित्याक सांगी होतंस?"

"तुमी घरात आसात, ता तरी ऐकूक येत होता," ती म्हणाली. मग तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा उजेडात धरून पाहिला. नख मुळापर्यंत झिजलं होतं. तिथे ती रडली. मी चहा ओट्यावर ठेवला आणि त्या दिवशी तरी काही न सांगता बाहेर पडले.