पन्नास मिलिसेकंद आणि यशश्रीची सही

होसकोटेच्या एका कारखान्यात यशश्री गेली अकरा वर्षं यंत्रांच्या कंट्रोल-पेट्या तपासते. घराणं चार पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे तिची मराठीही कन्नडच्या चालीवर चालते. कामगार तिला अक्का म्हणतात. आणि स्वभाव विचाराल, तर एकदा नाही म्हणाली की नाहीच.

या खेपेची पेटी पत्रा दाबणाऱ्या प्रेससाठी होती. कामगाराचा हात आत गेला की सेन्सर पेटीला संदेश धाडतो आणि प्रेस थांबते. यंत्राचे बाकीचे संदेशही त्याच वाटेने येतात. कुठलाही संदेश आला की पेटीतली चिप प्रोसेसरला हाक मारते. दर संदेशाला हाक मारली तर प्रोसेसर दमतो, म्हणून रघुनंदनने, म्हणजे पुण्याहून आलेल्या मॅनेजरने, नेम लावून दिला: बत्तीस संदेश साठू देत, नाहीतर पन्नास मिलिसेकंद जाऊ देत, मगच हाक मार. आकडे झकास आले. न यायला काय झालं! चाचणी कायम भरगच्च रहदारीतच करायची यांची सवय. बत्तीस संदेश चुटकीसरशी जमायचे.

यशश्रीने लाइन शांत ठेवली आणि थांबण्याचा एकच संदेश सोडला. तो बिचारा पुरे पन्नास मिलिसेकंद दाराशी ताटकळला. तेवढ्यात प्रेस दीड सेंटिमीटर खाली येते. म्हणजे कुणाची तरी बोटं गेली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शुक्रवारी डिलिव्हरी आहे," रघुनंदन म्हणाला. "पेटी पास म्हणून सही कर, नाहीतर तुला प्रोजेक्टवरून काढावं लागेल."

"काढा की. थांबण्याच्या संदेशाला वेगळी रांग द्या, तिथे वाट बघणं शून्य. दोन दिवसांचं काम आहे. तोवर मी सही करायची नाही."

"मग मी करतो." त्याने पेन उघडलं.

"सरी, ठीक आहे, करा. पण मग पहिला पत्रा तुम्ही ठेवायचा."

कारखान्याचा रिवाजच होता तसा. ज्याची सही, त्याने ग्राहकाच्या प्रेसमध्ये पहिला पत्रा आपल्या हाताने ठेवायचा. यशश्रीने तो अकरा वर्षं ठेवला होता, रघुनंदनने एकदाही नाही.

त्याने पेनाला टोपण लावलं. "दोन दिवस नक्की?"

"नक्की."

"आणि ग्राहकाला कोण सांगणार?"

तिने फोन उचलला आणि कन्नडमध्ये सांगून टाकलं, माल शुक्रवारी येणार नाही. पलीकडून कारण विचारलं, तेव्हा रघुनंदनच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पेटी नापास झाली. मी केली."