नावेच्या काठावरचा घास

नलूताई गेल्याचं मला शोभाकडून कळलं. शोभा माझी मुलगी, लग्न होऊन कानपूरला असते. नलूताई आमच्या समोरच्या घरातल्या. दुखणं वाढलं तेव्हा नागपूरला मुलाकडे गेल्या होत्या. त्या मुलाने आधी फोन केला तो शोभाला, मला नाही. "आई, मावशी गेल्या गं..." एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. उत्तरेत वाढलेली ही मुलगी माझ्याशी कायम हिंदीत बोलत आली. तिने "आई" म्हटलं तेव्हाच बातमी वाईट आहे हे मी ओळखलं. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हेवा वाटला. माझ्यामागे ही अशी रडेल का, हे मनात आलं. दीड महिना झाला, ते मनातून गेलेलं नाही.

आमचे हे हवाईदलातून निवृत्त झाले आणि आम्ही लखनौला गोमती नगरात घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉटच जास्त होते. समोर मराठी आडनावाची पाटी दिसली म्हणून मीच आधी आमटीचं पातेलं घेऊन गेले. नलूताई एम.ए., नवरा बँकेत, घरात भिंतभर पुस्तकं. मी चौथी पास. शोभा तेव्हा दहावीत. शाळेतून आली की दप्तर टाकून समोर पळायची. जेवलीस का विचारलं तर, "हाँ मम्मी, खा लिया." आणि समोरून तिचं मराठी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

एका उन्हाळ्यात नलूताईंनी तिला एक कादंबरी वाचून दाखवायला घेतली. जहाज बुडालंय, एक खलाशी लहानशा नावेत एकटाच, समुद्रात कितीतरी दिवस. मी भेंडी चिरायचं निमित्त काढून तिथे जाऊन बसायचे. भेंडी हातात, लक्ष शोभाकडे. तो माणूस भुकेने अर्धमेला, तरी मासा मिळाला की आधी एक तुकडा नावेच्या काठावर ठेवायचा. इथे नलूताईंनी चष्मा काढला.

"ही चित्राहुती आहे, शोभा. आपल्याकडे पुरुष जेवणाआधी ताटाबाहेर चार शितं ठेवतात ना, तशी. सगळं गेलं तरी देवाचा वाटा तो विसरत नाही. ती नाव म्हणजे त्याचा देव्हारा."

शोभा त्यांच्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे तिने तसं कधी पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. आमचे हे रोज ती शितं ठेवतात आणि तीस वर्षं ती पुसून काढते मी. मला चित्राहुती शिकवता?

"देव नाही नि काही नाही," मी म्हटलं. "आमिष आहे ते. पाखरू येईल आणि हा धरेल."

दोन पानांनी पाखरू आलं. त्याने धरलं आणि कच्चंच खाल्लं.

"मम्मी, आपको कैसे पता?" शोभा ओरडली.

"भूक मला पुस्तकात वाचावी लागत नाही."

नलूताई हसल्या. "हरले हो वहिनी."

त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

पण पुस्तक संपायचं होतं. शेवटी तो माणूस वाचतो. दवाखान्यात त्याच्यासमोर भरलेलं ताट येतं. खोलीची खिडकी बंद. तो पहिला घास उचलतो आणि ताटाबाहेर ठेवतो... नलूताईंनी पुस्तक मिटलं. "आता सांगा वहिनी, इथे कुठलं पाखरू?" टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. शोभाही माझ्याकडे बघत होती. मी भेंडी उचलली आणि घरी आले. पुढे बरेच दिवस मी त्यांच्याकडे पाऊल टाकलं नाही.

कितीतरी वर्षांनी नलूताई नागपूरला निघाल्या तेव्हा रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय हं."

"आधी बऱ्या होऊन या," मी म्हटलं.

त्या आल्या नाहीत. बातमी आली त्या दुपारी जेवायला बसले आणि हात आपोआप ताटाबाहेर गेला. बायका चित्राहुती घालत नाहीत. यांनी पाहिलं. "हे काय नवीन?" "गप्प जेवा." तेव्हापासून रोज एक घास ठेवते आणि रोज मीच पुसते. त्या जिंकल्या याचा राग अजून येतो.

परवा शोभा आली होती. बाहेर ऊन रणरणतं, दारं-खिडक्या लावून आम्ही दोघी जेवायला बसलो. तिचं लक्ष त्या घासाकडे गेलं.

"मम्मी, ये मौसी के लिए है?"

"पाखरासाठी," मी म्हटलं.

खिडकी बंद होती. ते तिलाही दिसत होतं.