वीस मिनिटांचा पूल आणि बाईंची स्कूटर

आमच्या धर्मप्रांताची फेररचना कोणी केली, असं बिशप हाऊसमध्ये विचारलंत तर समितीचं नाव सांगतील. पाच फादर आणि व्यवस्थापन शिकवून निवृत्त झालेले एक प्रोफेसर. जासईच्या नाक्यावर विचारलंत तर माझं नाव सांगतील. नाक्यावरची माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना हे सांगितलंय मीच.

मी जासईचा आगरी. आमच्या शेतांत पूर्वी भात पिकायचा, आता कंटेनर पिकतात. घरी दीड दिवसाचा गणपती आणि नोकरी बिशपच्या गाडीवर. अठरा वर्षांत दोन बिशप वापरून झाले, तिसरे चालू आहेत.

पूर्वी धर्मप्रांताचा सगळा कारभार खाडीपलीकडे शहरातून चालायचा. पनवेलकडच्या एखाद्या चर्चचं छप्पर गळालं तर दुरुस्तीची परवानगी शहरातून यायची, तोवर तो पावसाळा संपून पुढचा लागलेला असायचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची वाट बघता बघता एका बाळाला मिसरूड फुटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून नव्या बिशपांनी ठरवलं, धर्मप्रांताचे चार विभाग करायचे. प्रत्येक विभागाला आपला प्रमुख फादर, आपलं ऑफिस, आपली परिषद. सह्या तिथेच, निर्णय तिथेच.

समिती बसली. म्हणजे बहुतेक वेळ ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली. चर्च बघत आम्ही महाप्यापासून उरणपर्यंत हिंडलो. टायरचं सोडा, रस्ता झिजला. एकदा समुद्रावरच्या नव्या पुलावरून शहराकडे परतताना प्रोफेसरांनी विचारलं, "जासईहून शहरात यायला किती वेळ लागतो हो?"

"वीस मिनिटं, सर," मी म्हटलं. "मी असलो तर अठरा."

प्रोफेसरांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या बोलण्यातलं काही आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. दोन दिवस मी हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी समितीचा नकाशा गाडीत ठेवायला दिला. हा एवढा मोठा, चार रंगांत. जेवायला घरी गेलो तेव्हा तो बाईंना दाखवायला नेला.

बाई म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या छोट्या ख्रिस्ती केंद्राच्या धर्मशिक्षिका. मूळच्या नगरकडच्या. यजमान बंदरात नोकरीला, म्हणून इकडे आल्या आणि बावीस वर्षं त्यांनी ते केंद्र चालवलं. कंटेनर यार्डातल्या कामगारांची चाळीसेक घरं. कुणी कोकणातलं, कुणी केरळचं, कुणी नगरचं. त्यांची लग्नं, त्यांची मयतं, त्यांच्या पोरांची शाळा, सगळं बाईंच्या डोक्यात. माझ्या दोन्ही मुलींना दहावी त्यांनीच पार करून दिली, आणि माझ्या मुली म्हणजे अक्कल आईची, आळस बापाचा.

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "पनवेल, करंजाडे, उरण, सगळं हिरवं. मग आमचंच केंद्र निळं कसं?"

"निळा म्हणजे शहर विभाग, बाई. पुलामुळे आता शहर वीस मिनिटांवर..."

"कुणी सांगितलं वीस मिनिटं?"

मी रस्त्यावरच्या ट्रेलरकडे बघितलं. "ट्रेलर लई झालेत नाय हल्ली?"

"विषय बदलू नकोस."

मग बाई खाली बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. केंद्राला स्वतःचा फादर नव्हता. करंजाड्याहून एक तरुण फादर दर रविवारी स्कूटरवर यायचा. मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करायचा, आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जायचा, मुलांचं ऐकून घ्यायचा. शहर विभागात गेलं की फादर शहरातून येणार, महिन्यातून एकदा. माणसं पांगणार, आणि दोन-चार वर्षांत दाराला कुलूप.

"जा आणि खरं सांग त्यांना," बाई म्हणाल्या.

"बाई, मी खरं सांगितलं तर विश्वास कोन ठेवणार?"

हे मात्र त्यांना पटलं. नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला. शेवटी म्हणाल्या, "मग सांगू नकोस. बिशप पोरांच्या दृढीकरणाला येणार आहेत ना? त्या दिवशी फक्त गप्प राहा. जमेल?"

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्यांनी मला दिलं.

बिशप आले. पोरांच्या कपाळाला पवित्र तेल लागलं, दृढीकरणाचा संस्कार झाला. जेवायला आमच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबील. बिशपांनी अठ्ठावीस बोंबील खाल्ले. बायको म्हणते सहा, पण ती तव्याजवळ होती, तिला काय दिसणार? नंतर साहेबांना शहरात समितीच्या शेवटच्या बैठकीला जायचं होतं, नकाशावर सही करायला. हात पुसता पुसता बाई म्हणाल्या, "बिशपसाहेब, एक विनंती होती. नव्या विभागात आम्हाला मीटिंगला यायचं तर आम्ही आमच्या स्कूटरवरून येणार. आज तुम्हीच या की माझ्यामागे बसून. वीस मिनिटांचा तर प्रश्न."

बिशपांचे सेक्रेटरी फादर पाण्याचा ग्लास हातात धरून पुतळा झाले. पण आमचे बिशप तरुणपणी खेड्यापाड्यांत फटफटी फिरवलेला माणूस. त्यांनी झगा आवरला. "जास्तीचं हेल्मेट आहे?"

पुढे बाईंची स्कूटर, मागे मी. गाडीत एसी आणि सेक्रेटरी, दोन्ही चालू. ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत पुलाच्या तोंडाशी पोचलो, तर ट्रॅफिक पोलीस आडवा.

"ओ मावशी, कुठं चाललात? टू-व्हीलर बंद हाय पुलावर."

"मागे बिशप आहेत," बाई म्हणाल्या.

"मागं कोनपन असू दे. रिक्षा बंद, टू-व्हीलर बंद. फोर-व्हीलर आना, खुशाल जावा."

बिशपांनी हेल्मेटची काच वर केली. "कधीपासून बंद आहे?"

"पूल झाला तेव्हापासून, बाबा. तुमी कधी आला नाय काय हिकडं?"

आले होते ना. शंभर वेळा आले होते, माझ्या गाडीतून. समितीतल्या सगळ्यांनीच पूल माझ्या मागच्या सीटवरून पाहिलेला. बिशपांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

सेक्रेटरी दार उघडून धावले, "साहेब, गाडीत बसा, उशीर होतोय." साहेब बसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमची माणसं जातात त्या रस्त्यानं घ्या."

मग उलवे, बेलापूर, वाशी, खाडीपूल, आणि वाटेत खडीचे डंपर, सिमेंटचे मिक्सर, खोदलेले रस्ते. बाई म्हणतात पावणेदोन तास लागले. मी सव्वातीन धरतो. बैठकीत बिशप शिरले तेव्हा पांढऱ्या झग्याचा रंग ताडपत्रीसारखा झालेला. रुमालानं तोंड पुसलं आणि त्या रुमालात अख्खा उरण तालुका आला.

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वीस मिनिटं हा आकडा कुठून आला?"

प्रोफेसरांनी वही उलटली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून दारात उभा होतो. पळायला जागा होती, पण शेजारी बाई उभ्या होत्या.

"माझ्याकडून, साहेब," मी म्हटलं. "फुशारकी मारली. तेवढ्यात गाडी जाते, तीपन पहाटे, रस्ता मोकळा असला तर. मानसं जात नाहीत."

बिशपांनी समितीला विचारलं, "तुमच्यापैकी स्कूटर कोण चालवतं?" सहाही माणसं टेबलाकडे बघत राहिली. मग साहेब मला म्हणाले, "तो नकाशा पसर इथे. आणि आता फुशारकी नको."

त्या संध्याकाळी मी सांगत होतो आणि फादर खोडत होते. ट्रेलर कुठे तुंबतात, शेवटची बस कुठल्या गावाला पोचत नाही, महाप्याच्या कंपन्यांची पाळी सुटते तेव्हा कुठला रस्ता बंद पडतो आणि म्हणून तिथली संध्याकाळची मिस्सा रिकामी का राहते. एक शब्द मी वाढवून सांगितला नाही. घसा दुखला त्यानं. जासईचं केंद्र हिरवं झालं, आणखी तीन ठिकाणं इकडची तिकडे झाली. ज्याच्या घरात गणपती बसतो त्या माणसाच्या बोटानं कॅथलिक धर्मप्रांताची हद्द हलली. सांगा, तुमच्या गावात आहे असा कुणी?

पण खरी फेररचना पुढेच झाली. आमच्या विभागाचा प्रमुख फादरच झाला, पण ऑफिसचा कारभार बघायला बिशपांनी समन्वयक म्हणून बाईंना नेमलं. फादर नसलेल्या माणसाकडे हे काम पहिल्यांदाच गेलं, आणि तेही बाईमाणसाकडे. एक ज्येष्ठ फादर कुरकुरले, "आमच्या बदल्यांचे कागद आता बाईंच्या टेबलावरून जाणार?"

"मला त्यांनी भर रस्त्यात थांबवलं," बिशप म्हणाले. "तुम्हालाही थांबवतील. सवय करा."

बाईंनी पहिलं पत्र लिहिलं ते केंद्रातल्या दर रविवारच्या मिस्सेचं. कायम, असा शब्द होता त्यात. पत्र त्यांनी स्वतः दारावर चिकटवलं, चार कोपरे अंगठ्यानं दाबून दाबून.

आता अशी गोष्ट घडल्यावर आमचं गाव गप्प बसेल? नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला. मधोमध बाईंचा फोटो, भोवती गावच्या पोरांचे गॉगलवाले फोटो, वर तुताऱ्या, खाली "समस्त ग्रामस्थ मंडळातर्फे हार्दिक अभिनंदन". माझा फोटो जरा मोठा आला, ती छापणाऱ्याची चूक.

बाई स्कूटर थांबवून कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"बिशप कुठायत?"

"ते काय, खाली कोपऱ्यात. पोरांनी घेतलेत त्यांना."

"स्टँपएवढे? आणि तू केवढा रे! आत्ताच्या आत्ता उतरव हा."

"उतरवतो, बाई."

"थांब," त्या म्हणाल्या. पर्समधून मोबाईल काढून माझ्या हातात दिला, पदर नीट केला आणि फ्लेक्सखाली जाऊन उभ्या राहिल्या. "आधी एक फोटो काढ. नगरला पाठवायचाय. आणि अख्खा फ्लेक्स येऊ दे त्यात."