फणीची दोन पाती

गिरणीतले विणकाम-मास्तर नोकरी सोडून गेले, तेव्हा जाताना त्यांनी आपली बंद पडलेली फटफटी मला देऊन टाकली. एका मिस्त्रीने ती उघडून पुन्हा जोडली होती आणि तेव्हापासून ती सुरू व्हायचं नाव घेत नव्हती. लाथ मारली की नुसती शिंकायची. "भंगारात घाला," असं तो मिस्त्री सांगून मोकळा झाला होता. एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं होती ती; सोलापुरात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी मागांवरचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. चालू शकणाऱ्या यंत्राला कुणी भंगार म्हटलं की माझं डोकं फिरतं.

रविवारी अंगणात पोतं अंथरून मी इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं आणि मोठ्याने हसलो. आत दोन दातेरी चाकं. धाकटं दोनदा फिरलं की थोरलं एकदा. हे तर आमच्या मागाचंच बिऱ्हाड! मागातही वरचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा, आणि आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका कधी बसायचा ते त्या खालच्या दांड्यावर ठरतं. दाता चुकला की धोटा भलत्याच वेळी सुटतो. इथे खालच्या दांड्याऐवजी थोरलं चाक इंजिनाच्या दोन झडपा उघडत-मिटत होतं, एवढाच फरक. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका होता. ते समोरासमोर यायला हवेत, पण मिस्त्रीने दोन दाते चुकवले होते. मी चाक काढून ठिपक्याला ठिपका भिडवला.

मग झडपा पाहिल्या. प्रत्येक झडपेची दांडी आणि तिला खालून उचलणारा टॅपेट यांच्यात बारीकशी फट होती. टॅपेट मागालाही असतो आणि तिथे अशी फट म्हणजे जॉबरची नाचक्की. सगळं कसं भिडलेलं हवं. मी दोन्ही फटी नाहीशा केल्या, मिशीवरून हात फिरवला आणि लाथ मारली. दुसऱ्या लाथेला गाडी सुरू झाली. गल्ली गोळा झाली, आणि मी लगेच बायकोला म्हणालो, "चल, माहेरी जाऊन येऊ."

तिचं माहेर तुळजापूरच्या वाटेवर, मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या हद्दीत. मागे वाकळ बांधून तिला बसवलं. नाका ओलांडेपर्यंत मी राजा होतो. पुढे इंजिन जसं तापलं तसा त्याचा जीव गेला. लाथा मारून माझा पाय सुजला. शेवटी कडब्याच्या बैलगाडीत फटफटी चढवली आणि कडब्यावर बायको. गावाच्या वेशीतून आम्ही असे शिरलो.

सासरे बैलगाड्या करणारे सुतार, जिभेला पटाशीची धार. "जावईबापू, लोकं फटफटीवर बसून येत्यात. तुमची फटफटीच गाडीत बसून आली की!" सगळा पार खो खो हसला. फटफटी खाली उतरवून मी रागाने एक लाथ घातली, तर आता थंड झालेली ती बया पहिल्या लाथेला सुरू! मग तर लोक लोळायचेच बाकी राहिले.

त्या संध्याकाळी बायको रडली. महिन्याभराने तिच्या धाकट्या बहिणीचं तिथेच लग्न होतं. ती म्हणाली, "लग्नाला मी येईन तर हिच्यावरच बसून येईन. न्हाईतर येनारच न्हाय." ती बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला जेवण गेलं नाही.

सकाळी सासरे चाकावर धाव चढवत होते. चाकाभोवतीची ती लोखंडी पट्टी गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली होती. मी नुसता बघत उभा. ते खेकसले, "बघताय काय? गार असताना ही चाकावर बसत न्हाय, कमी पडतीया. तापली की वाढती. येवढं बी गिरणीत शिकवत न्हाईत व्हय?"

मी तिथेच ओरडलो, "मामा, सापडलं!" झडपेची दांडीही तापून वाढत होती. तिला वाढायला मी जागाच ठेवली नव्हती. ती टॅपेटवर टेकून राहायची, झडप नीट मिटायची नाही आणि इंजिनातला दम निघून जायचा. मिस्त्रीला हसणारा मी, त्याने ठेवलेली बरोबर फट शहाणपणाने बुजवून बसलो होतो!

फट किती ठेवायची ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. मग आठवली मागाची फणी. धाग्यांमधली तिची पोलादी पाती सगळी एका जाडीची, कागदासारखी. सोलापुरात परतल्यावर गिरणीतल्या मोडक्या फणीतून दोन पाती काढली. पेट्रोल-हवा आत ओढणाऱ्या झडपेला एक, धूर सोडणाऱ्या झडपेला दोन, कारण ती जास्त तापते. माझे दोन्ही हात दोन पान्यांवर, म्हणून पातं बायकोच्या बोटांत. ती सरकवून सांगायची, "सैल हाय." "आता अडकलं." तिसऱ्यांदा म्हणाली, "हां, अस्संच राहू द्या." मी पाना आवळला. त्या फटीमुळे इंजिन टिकटिक करू लागलं. जॉबरच्या कानाला तो आवाज झोंबत होता, पण त्याला हात लावायचा नाही असं मी स्वतःला बजावलं.

लग्नाच्या दिवशी निघालो. नाका गेला. बंद पडलो होतो ती जागा आली तशी बायकोने मागून माझा सदरा मुठीत धरला. टिकटिक चालूच. जागा मागे पडली आणि ती भर रस्त्यात एवढ्या मोठ्याने ओरडली की एका मेंढपाळाची सगळी मेंढरं उधळली. त्याच्या शिव्या मला आशीर्वादासारख्या वाटल्या.

मांडवापुढे मी इंजिन बंद केलं नाही. मुद्दामच. सासऱ्यांनी भोवती फेरी मारली, तापलेल्या इंजिनावर थुंकी उडवून चर्र आवाज ऐकला आणि धोतर खोचून मागे बसले. "पारावरनं घ्या," एवढंच म्हणाले. हसलेल्या एकेका दारापुढे ते ओरडत होते, "तापलीया, तरी पळतीया बघा! माजा जावई हाय!" तिकडे नवरदेव ताटकळला होता, पण सासऱ्यांना आणखी एक फेरी हवी होती.

परत आलो तेव्हा बायका माझ्या बायकोला विचारत होत्या, "अगं, टिकटिक कसली गं ती? काय सुटलंया व्हय?"

"सुटलं न्हाय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ती फट मी ठेवलीया."