गेअरमामांची टुंग टुंग

गेअरमामांचे कान साधे नव्हते, यावर आख्ख्या कामरगावाचं एकमत होतं. ओट्यावर डोळे मिटून बसल्या बसल्या ते सांगायचे, "मंगरूळपीरची जीप येऊन राह्यली. तिसऱ्या गेअरवर हाये. अन् डायवर घरून भांडून निघाला." थोड्या वेळानं जीप यायची आणि ड्रायव्हरचं तोंड पाहून भांडणाचीही खात्री पटायची. एकदा तर त्यांनी नुसत्या आवाजावरून टेम्पोतल्या बकऱ्या मोजल्या. एक चुकली, पण ती झोपलेली होती.

मामा गावाचे मामा. आयुष्यभर त्यांनी कारंजाच्या रस्त्यावर जीप चालवली आणि ती थकली तेव्हा अंगणात उभी करून गाड्यांवर मतं द्यायला बसले. मत मागायला लागत नसे. "पत्रा असा पाह्यजे का म्हैस धडकली तर म्हशीनं माफी मांगावी." मागचं दाखवणारा कॅमेरा? "मंग देवानं मान कायले देल्ली?" रस्ता सांगणारी मोबाईलमधली बाई? "तिले इथले खड्डे माहीत हायेत का? आधी तिलेच एक चक्कर मारून आणा." आणि एअरबॅग म्हटलं की मामा खो खो हसायचे, "फुगे बारशाले लावतेत, बावा!"

पंचक्रोशीत कुणीही नवी गाडी घेतली की ती आधी मारुतीसमोर आणि लगेच मामांसमोर उभी राहायची. कोणी म्हणतात, आधी मामांसमोर. मामा टरबुजासारखं दार वाजवून पाहत, टायरला लाथ घालत, मग ऐटीत आत बसत. गाडी चालू केली की सीटच्या पट्ट्यासाठी टुंग टुंग सुरू व्हायचं. तेवढा एक आवाज मामांना सहन होत नसे. ते पट्टा ओढायचे, पाठीमागून घेऊन खट्कन अडकवायचे आणि त्याच्यावर रेलून म्हणायचे, "झाली गप!" मालक खूश. गावातल्या साऱ्या गाड्यांचे पट्टे असे सीटला बांधलेले, माणसं मोकळी.

एकट्या मामी कोणत्याही गाडीत बसल्या की पट्टा छातीवरून लावायच्या.

"कायले बांधून घेते व, बैलावानी?" मामा विचारायचे.

"तुमी तोंडानं चालवता म्हून," मामी म्हणायच्या.

मी गाडी घेतली तेव्हा रिवाजाप्रमाणे किल्ली मामांच्या हातात दिली. शेजारी मामी, मागे मी. पट्टा अर्थात मामांच्या पाठीमागे. मंगरूळपीरच्या रस्त्याला लागल्यावर मामांनी इंजिनाला कान दिला आणि म्हणाले, "आवाज मस्त हाये रे, फक्त डाव्या आंगानं जरा—" तेवढ्यात डाव्या अंगानं, तुरीतून, रोही आला, म्हणजे नीलगाईचा नर. खोटं वाटेल, पण तो रोही हत्तीएवढा होता. मामांनी त्याला वाचवलं, आणि गाडी बाभळीवर गेली.

मामींच्या कपाळावरची टिकलीसुद्धा हलली नाही. माझ्या कपाळावर एवढं टेंगूळ आलं की पंधरा दिवस टोपी डोक्याऐवजी त्याच्यावर बसत होती. आणि मामा पुढे फेकले गेले ते थेट उघडणाऱ्या फुग्यावर. दोन बरगड्या मोडल्या. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही. "आता गाडी चालवायची नाही," ते म्हणाले. मामा घरी आले, पण ओट्याकडे पाठ करून बसायचे. रस्त्यावरून गाडी गेली तरी कोणाची म्हणून सांगत नसत. त्या दिवसांत गाव बहिरं झाल्यासारखं वाटत होतं.

आठवडाभर मामींनी हे पाहिलं. मग जीपची किल्ली मामांच्या मांडीवर टाकली. "उठा. मले शिकवा."

"तुले? या वयात?"

"जीप काय माह्याहून तरणी हाये?"

बाजाराच्या मोकळ्या मैदानात शिकवणी झाली. पहिल्या दिवशी मैदानातल्या कोंबड्या उडाल्या त्या म्हणे केनवडच्या बाजारात उतरल्या. पण मामी शिकल्या, आणि लायसन्स काढूनच थांबल्या. शिकवणी सुरू करण्याआधी मामांनी एक काम केलं होतं. जुन्या जीपला पट्टेच नव्हते. कारंजाच्या मिस्त्रीकडून त्यांनी जीप चालती करून पुढच्या-मागच्या सगळ्या सीटना नवे पट्टे बसवून घेतले.

आता नव्या गाडीची तपासणी होते तेव्हा मामा पट्टा छातीवरून लावून दाखवतात. कोणी डिवचतंच, "मामा, तुमीच तं पाठीमांगून लावाले शिकवलं!"

"तवा दोन डोळे होते रे," मामा म्हणतात. "एका डोळ्यानं बराबर दिसते."

परवा त्यांच्या जीपमधून मंगरूळपीरला निघालो. मी पुढे, मामा मागे. मामींनी इंजिन चालू केलं, पण गाडी काही हलेना.

"काय झालं, मामी?"

मामींनी नुसता मागे अंगठा दाखवला. जीप जुनी, तिला कुठली आली घंटी? पण माझ्या कानामागून, एका सुरात, आवाज येत होता, "टुंग, टुंग, टुंग..."

मी पट्टा लावला. तेव्हा कुठं मामा गप झाले.