खोली आत्ताच गेली!

आमच्या देवपुरात दोन घरांच्या मधली कंपाउंडची भिंत असते ती कपडे वाळत घालायला आणि बोलायला. शेजारच्या नानांकडे जोसेफ भाड्याने आल्यापासून तर मला भिंतीपाशी जायला निमित्तही लागत नाही. माझी शाळा दहावीपर्यंतची, पण ऐकलेलं विसरत नाही मी. पाच मिनिटं म्हणून जाते आणि एक किस्सा घेऊन येते. कधी कधी तेवढ्यात भाजी करपते, ते सोडा!

* * *

जोसेफ आफ्रिकेतल्या झांबियाचा. इथे धुळ्यात फार्मसी शिकतो. फोनवर त्याचं हिंदी इतकं साफ की नानांना वाटलं, भुसावळचा कोणी पोरगा असेल. "लगेच ये, खोली रिकामीच आहे," म्हणाले.

अर्ध्या तासात जोसेफ दारात! नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अरेरे, खोली आत्ताच गेली बघ."

पोरगा परत निघाला. गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच लटकत होती. मी भिंतीवरून ओरडले, "नाना, खोली गेली तर पाटी काढा ना! उगाच लोकांना हेलपाटे!" खरं सांगते, मला काही न्याय-बिय करायचा नव्हता. मला फक्त विचारायचं होतं, कोणाला दिली म्हणून.

तेवढ्यात आतून अक्का, म्हणजे नानांची बायको, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "कोणी लिधी? बठ्ठा माळा रिकामा पडेल शे!" अख्खा वरचा मजला रिकामा असल्याचं गल्लीभर झालं.

संध्याकाळी जोसेफचं सामान आलं.

* * *

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सर राहतात. मनाने चांगले. रोज सकाळी जोसेफ दिसला की म्हणायचे, "वा! किती स्वच्छ राहतोस रे तू!"

महिनाभर तो नुसता हसला. मग एक दिवस सरांकडे नीट बघून म्हणाला, "सर, आप भी!"

सर दोन दिवस फिरायला मागच्या रस्त्याने गेले.

* * *

आता माझं सांगते, लपवून काय करू?

जोसेफ आमच्याकडे चहाला यायला लागला. आम्हाला सगळ्यांना चिनीमातीचे कप, त्याला कागदाचा. मी मनाशी म्हणायचे, पाहुणा आहे, हायजीन बरं.

एकदा माझे सासरे, आबा, त्याला त्यांच्या गावाकडचं सांगत होते. पलीकडच्या वस्तीतला गडी चहाला आला की त्याचा फुटक्या कानाचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असायचा. पिऊन त्यानेच धुवायचा आणि परत तिथेच ठेवायचा. "बठ्ठास्ना समोर चाले," आबा म्हणाले. "कोणाले लाज नव्हती. मालेबी नव्हती."

जोसेफ म्हणाला, त्याच्या आजोबांच्या काळी गोऱ्यांच्या मटणाच्या दुकानात काळ्या माणसाला आत पाऊल टाकता येत नसे. बाजूच्या भिंतीला एक खिडकी असायची. पैसे तिथून द्यायचे, मटण तिथूनच घ्यायचं. कोणता तुकडा मिळतोय ते दिसायचंसुद्धा नाही.

"म्हणजे तुमच्याकडे खिडकी, आमच्याकडे कोनाडा," आबा म्हणाले. मग त्याच्या हातातल्या कागदी कपाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"सुनबाई, त्या गड्याचा कप निदान दुसऱ्या दिवशी त्याले भेटे. तू तं फेकीच देस!"

मी उठले, शोकेसमधला लग्नातला सेट काढला. त्या दिवशी आबांनासुद्धा त्यातूनच चहा दिला.

* * *

माझी भाची सावद्याची. एम. एस्सी., गुणी, रंगाने सावळी. चार स्थळं आली, चारही परत गेली. मी जोसेफपाशी बोलून गेले, "आमच्या वेळी तोंडावर सांगायचे, पोरगी काळी आहे. आता फार सुधारले लोक. 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात."

जोसेफने विचार केला. "काकू, नानांच्या आधी अकरा घरमालक 'खोली आत्ताच गेली' बोलले. माझी पत्रिका पण खराब असेल!"

* * *

आणि हा किस्सा परवाचा.

जोसेफचा भाडेकरार संपत आला होता. शेवटची परीक्षा चार महिन्यांवर. गल्लीतल्या तिघांनी नानांचे कान भरले, 'वातावरण बिघडतं' वगैरे. नानांना तोंडावर नाही म्हणवेना. ते पेढे घेऊन वर गेले आणि म्हणाले, "माझा भाचा भूषण रावेरहून शिकायला येतोय. खोली लागेल."

पोरगा खाली येऊन ओट्यावर बसला. बाराव्या दारातूनही निघायचं? मला वाटलं, आता बॅग भरणार.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर एक जुना पलंग आला! जोसेफने अर्धं कपाट रिकामं केलं, त्यावर 'भूषण भाई' अशी चिठ्ठी चिकटवली. आणि रोज सकाळी नानांना विचारायला लागला, "नाना, भूषण भाई कधी येणार? मी स्टँडवर घ्यायला जातो."

आठ दिवस नाना त्याला टाळत फिरले. शेवटी अक्काच कडाडल्या, "आते आना त्याले!"

भूषण आला. वय बेचाळीस, मिशा, रावेरला केळीच्या पॅकिंगचा धंदा, घरी दोन पोरं. मामाने तातडीने का बोलावलं, हे बिचाऱ्याला ठाऊक नाही. स्टँडवर जोसेफने त्याची बॅग उचलली, घरी आणून पलंग दाखवला, कपाट दाखवलं आणि अदबीने विचारलं, "भाई, कोणत्या इयरला?"

भूषणने चिठ्ठी वाचली. नानांकडे पाहिलं. नाना छताकडे बघत होते.

"फर्स्ट इयर," भूषण म्हणाला.

दोन दिवस राहिला. अक्कांनी त्याला काय सांगितलं, ते मला भिंतीवरून नीट ऐकू आलं नाही, याचं दुःख आहे. तिसऱ्या दिवशी निघताना कान भरणारे तिघंही गेटपाशी होते. त्यांच्यादेखत भूषण नानांच्या पाया पडला आणि मोठ्याने म्हणाला,

"मामा, येतो मी अधूनमधून. परीक्षा होईपर्यंत माझा पार्टनर बदलू नका. अभ्यासात फार हुशार आहे तो, नाहीतर मी नापास होईन!"